मॅडम, तुम्ही रनवे लावायला विसरलात

चि. अन्वय आणि चि. ईरा,

गेल्या जुलैत तुम्ही आलात तेव्हा तुमचं विमान अगदी जमिनीजवळ आलं, चाकं बाहेर काढली आणि मग एकदम मोठा आवाज करून परत वर गेलं. पाऊण तास ढगांत फिरून मग उतरलं. डोंबिवलीला घरी पोचल्यावर तुमच्या बाबाने चपला काढायच्या आधी त्या पायलटचा उद्धार केला. ईराने मात्र पानावर बसल्यावर नीट प्रश्न विचारला, "आजी, त्या पायलटला जमलं नाही का?"

मी तेव्हा "आधी वरण-भात खा" म्हणून वेळ मारून नेली. उत्तर लांब होतं आणि वरण तिसऱ्यांदा गरम केलेलं होतं. नंतर तुम्ही झोपलात, मग आंबोली-गोव्याला गेलात, मग परत कॅनडाला. उत्तर राहूनच गेलं. आता या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी, ज्या आमच्याच सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतात, "तुमच्या कामाबद्दल काहीतरी लिहा" म्हणून मला जिन्यात गाठलं, तेव्हा ठरवलं की तेच उत्तर लिहून काढावं. मराठीत लिहिते आहे. बाबाकडून मोठ्याने वाचून घ्या. त्यालाही ते ऐकण्याची गरज आहे.

आजी तरुणपणी विमान उडवायची आणि नंतर शिकवायची, एवढं तुम्हाला माहीत आहे. पण शेवटची बरीच वर्षं मी शिकवलं ते जमिनीवरच, डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत, पहिल्या मजल्यावरच्या एका गाळ्यात. तिथे एक सिम्युलेटर होता. विमानाचं नाक कापून आणून खोलीत ठेवल्यासारखी ती पेटी. आत दोन खुर्च्या, सगळी यंत्रं, समोर मोठा पडदा. पडद्यावर आकाश, ढग, धावपट्टी. खालच्या मजल्यावर मसाल्याचा कारखाना होता. त्यामुळे माझे कितीतरी विद्यार्थी आज कुठे कुठे विमानं उतरवत असतील, पण धणे-जिरे भाजल्याचा वास आला की त्यांचा हात अजून इंजिनच्या दांड्याकडे जातो, असं ते स्वतःच सांगतात. शुक्रवारी वसाहतीची वीज जायची. बॅटरी कधी साथ द्यायची, कधी नाही. उतरता उतरता पडदा काळा व्हायचा आणि आतून आवाज यायचा, "मॅडम, मी मेलो का?"

"नाही रे, शुक्रवार आहे."

मी शिकवायचे ते एवढंच: बाहेरचं काही दिसत नसताना विमान धावपट्टीपर्यंत कसं आणायचं. त्याला इन्स्ट्रुमेंट ॲप्रोच म्हणतात. समोरच्या यंत्रात दोन सुया असतात, एक उभी, एक आडवी. धावपट्टीजवळून रेडिओच्या लहरी निघतात, त्यांवर त्या सुया हलतात. उभी सांगते, तू डावीकडे आहेस की उजवीकडे. आडवी सांगते, तू वर आहेस की खाली. दोन्ही मधोमध ठेवल्या की तुम्ही एका न दिसणाऱ्या घसरगुंडीवरून बरोबर धावपट्टीच्या तोंडाशी येता. शिवाय प्रत्येक विमानतळाचा एक कागद असतो. किती अंतरावर किती उंची हवी, ते त्यावर छापलेलं असतं.

त्या कागदाच्या तळाशी एक आकडा असतो. त्याला आम्ही मिनिमम म्हणतो. बहुतेक ठिकाणी जमिनीपासून साधारण दोनशे फूट. त्या उंचीवर आलात की मान वर करून बाहेर बघायचं. धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले, तर उतरायचं. नाही दिसले, तर विचार करत बसायचं नाही. पूर्ण ताकद द्यायची, नाक वर, आणि परत आकाशात. ह्याला गो-अराउंड म्हणतात. सगळ्या शिक्षणाचा अर्क त्या आकड्यात आहे. आणि तोच शिकवायला मी चुकत होते. ते कसं, ते सांगते.

पण आधी दोन गिऱ्हाइकं.

पहिला प्रथमेश. शीळफाट्याजवळच्या गावातला, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहणाऱ्या घरातला. मोठ्या गाडीतून यायचा आणि सिम्युलेटर त्या गाडीसारखाच चालवायचा. फाट्यावरच्या गर्दीत गाडी घालायची सवय, त्यामुळे सुई केसभर हलली की हा सुकाणू गर्रकन फिरवणार. सुई इकडे, प्रथमेश तिकडे. एकदा त्याची आजी त्याला सोडायला वर आली. हिरवं लुगडं, नाकात नथ, आणि माझ्याकडे रोखून बघणारी नजर.

"मॅडम, यो आमचा पोऱ्या इमान सरल चालवल ना?"

"चालवेल, पण आधी सुकाणूचा गळा दाबायचा सोडला पाहिजे."

"बापूस पण तसाच हाय त्याचा," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

मी प्रथमेशच्या बोटांतून एक पेन्सिल ओवली: एका बोटाच्या वरून, पुढच्याच्या खालून. मूठ आवळली की पेन्सिल हाडांना लागते. जुनी युक्ती आहे, मलाही माझ्या मास्तरांनी तशीच शिकवली. दहा मिनिटांत "आई गं, आई गं" करत त्याचा हात हलका झाला आणि विमान सरळ यायला लागलं. आजी उठताना म्हणाली, "गाडीनपण ही पेन्सिल दे त्याला."

दुसरे ठाण्याचे कर्वे. बँकेत पस्तीस वर्षं कॅशियर होते. निवृत्तीनंतर मुलांनी वाढदिवसाला सिम्युलेटरचा एक तास भेट दिला, आणि मग ते दर बुधवारी स्वतःच यायला लागले. ना लायसन्स हवं, ना नोकरी. पांढरा शर्ट, खिशाला पेन, टापटीप माणूस. मलाही टापटीप माणसं आवडतात. त्यांना धावपट्टीचं काहीच अप्रूप नव्हतं. ते म्हणायचे, "मॅडम, पूर्ण धुकं लावा. दाट. मला ते परत वर जायचं असतं ना, त्यात मजा येते."

"काका, लोकांना उतरण्यात मजा येते."

"उतरतात सगळेच. आमच्या काउंटरला दोन वाजले की खिडकी बंद. समोर मॅनेजरचा मेहुणा असला तरी बंद. लोक शिव्या द्यायचे. द्या म्हटलं. इथे दोनशे फूट आले, काही दिसलं नाही, की खिडकी बंद. अगदी तसंच आहे हे."

मी हसले होते तेव्हा. नीट ऐकलं नव्हतं.

आता निकिता. दिवा स्टेशनजवळ राहणारी मुलगी. वडिलांचं शिवणकामाचं दुकान, आई नर्स. घरात सगळ्यांत आधी उठून पाणी भरण्याचं काम तिच्याकडे, त्यामुळे सकाळच्या तासाला कधी कधी ओल्या बाह्यांनीच यायची. हुशार, चटपटीत, तोंडाने फटकळ. दोन्ही सुया अशा मधोमध ठेवायची की जणू टाचणीने टोचल्यात. खऱ्या विमानातली तिची परीक्षा नऊ दिवसांवर आली होती. ती खानदेशातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये व्हायची होती. ती पास झाली, तरच त्या महिन्यात निघालेल्या विमान कंपनीच्या भरतीत तिला बसता येणार होतं. परीक्षकाची पुढची तारीख कधी मिळेल, कुणी सांगू शकत नव्हतं. आणि परीक्षेला बसायला तिच्या फॉर्मवर माझी सही हवी होती. "उमेदवार तयार आहे," एवढंच त्यावर लिहिलेलं असतं. त्या बुधवारी शेवटची उजळणी करून मी सही करणार होते. पेन काढूनसुद्धा ठेवलं होतं.

आणि ईरा, त्याच दिवशी तुझा पुढचा दात पडला.

कर्व्यांचा तास संपला होता, निकिता आत बसत होती, आणि तुझा फोन आला. तिकडे झोपायची वेळ टळून गेली होती, पण आजीला दात दाखवल्याशिवाय तू झोपणार नव्हतीस. मी तो दात पडद्यावर सगळीकडून पाहिला, त्याचं कौतुक केलं, उशीखाली ठेवायचा की छपरावर टाकायचा यावर तुझ्या आईशी चर्चा केली, आणि फोन ठेवून माझ्या टेबलाशी बसले. माझं टेबल पेटीच्या मागे. तिथून मी वारा, ढग, बिघाड सगळं लावते. कर्व्यांनी लावायला सांगितलेलं दाट धुकं तसंच राहिलं होतं. मी ते काढायला विसरले.

निकिता खाली येऊ लागली. सुया टाचणीने टोचलेल्या. पाचशे फूट. चारशे. तीनशे. दोनशे. "मिनिमम," तिने स्पष्ट म्हटलं. मान वर केली. समोर पांढरं.

ती थांबली नाही. मी बघत राहिले. मला वाटलं, आता ताकद देईल. एकशे ऐंशी. एकशे पन्नास. ती पुटपुटत होती, "येईल, येईल, आता येईल." शंभर. मग धाड्‌ असा आवाज झाला आणि पडदा लाल झाला. धावपट्टी अजून थोडी पुढे होती.

खालून मसाला कांडण्याचा आवाज. मग निकिता खुर्चीतून वळली. चेहऱ्यावर भीती नव्हती, लाजही नव्हती. थोडा राग होता.

"मॅडम, तुम्ही रनवे लावायला विसरलात."

आणि ती खरं बोलत होती. माझी सवय अशी: प्रत्येक विद्यार्थ्यासाठी ढगाचा तळ तीनशे फुटांवर लावायचा. म्हणजे मिनिममच्या जरा आधी ढग संपतात आणि पडद्यावर धावपट्टीचे दिवे एकदम उगवतात. पोरं "आला, आला!" करून ओरडतात. छान वाटतं. शिवाय तास मोजके, तेवढ्यात उतरण्याचाही सराव होतो. परत वर जाण्याचा सराव मी वेगळा घ्यायचे, "आता गो-अराउंड करू या हं" असं आधी सांगून. त्या सगळ्या मुलांना मी महिनोन्‌महिने एकच गोष्ट शिकवली होती. दोनशे फुटांवर आलं की धावपट्टी येतेच. आजीने पानात वाढलेल्या गोडासारखी.

"फॉर्म दे," मी म्हटलं. तिने दिला. मी तो घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला.

"म्हणजे? सही नाही?"

"आज नाही."

"मॅडम, नऊ दिवस राहिलेत! चूक तुमची, आणि फॉर्म माझा अडवताय?"

"हो. अगदी तसंच आहे."

"मग मी कशाला ऐकू तुमचं?"

"कारण आज पडदा लाल झाला. उद्या पडदा नसेल."

ती पिशवी उचलून खाली गेली. कर्वे अजून बाहेर बाकावर चहा पीत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं, पण बँकेतला माणूस, कप जागेवर नीट ठेवून निघाले.

घरी येऊन मी माझ्या वह्या काढल्या. माझ्या वह्यांना तुमचा बाबा हसतो, पण मी प्रत्येक तासाची नोंद ठेवत आले आहे: नाव, विमानतळ, वारा, ढग. पानामागून पान, सुवाच्य अक्षरात, "ढग ३०० फूट. ढग ३०० फूट." टापटीपपणाने केलेली चूक ही अशी असते. ती वर्षानुवर्षं नीट चालते.

पुढच्या दोन दिवसांत मी जितक्या जुन्या विद्यार्थ्यांचे नंबर सापडले, तितक्यांना फोन केले. लाज वाटत होती, पण केले. बहुतेकांनी हसण्यावारी नेलं. प्रथमेश म्हणाला, "मावशी, पेन्सिल अजून आहे हं माझ्याकडे." एक मुलगा मात्र हसला नाही. तो म्हणाला, "मॅडम, पहिल्यांदा खरा ढग लागला तेव्हा मी असाच वाट बघत बसलेलो. शेजारच्या कॅप्टनने विमान हातात घेतलं आणि वर नेलं. मग माझ्यावर जो काही ओरडला... मी तुम्हाला सांगितलं नाही, वाईट वाटेल म्हणून." शेजारी कॅप्टन होता म्हणून वाचले. ही गोष्ट मला अजून कधी कधी कुकरची शिट्टी मोजताना आठवते आणि शिट्ट्या चुकतात.

शुक्रवारी निकिता आली. शनिवारपासून परीक्षेपर्यंत रोज यायचं, असं मी सांगितलं.

"रोज सकाळी सातला."

"सातला पाणी येतं आमच्याकडे."

"मग?"

तिने जिन्याकडे बघितलं. वडील खाली उभे होते, शर्टाच्या कॉलरला सुई-दोरा टोचलेला. ते खालूनच म्हणाले, "मॅडम, पाणी मी भरीन. दुकान जरा उशिरा उघडीन. तुम्ही हिला घ्या."

धावपट्टी द्यायची की नाही, हे मी ठरवलं असतं तर परत दया आली असती. स्वतःला मी ओळखते. म्हणून सोसायटीच्या गणपतीत खेळतो त्या हाउजीची पिशवी आणली. एक ते नव्वद आकड्यांच्या लाकडी सोंगट्या. विषम आकडा आला तर धावपट्टी, सम आला तर धुकं. आकडा काढायला कर्वे आपणहून रोज सकाळी ठाण्याहून यायला लागले. त्यांना आकडा काढून मला फक्त दाखवायचा होता, पण पहिल्या दिवशी सवयीने त्यांनी मोठ्याने पुकारलाच, "सहा आणि दोन, बासष्ट!"

आतून निकिता, "काका! कळलं ना मला!"

"रद्द, रद्द. परत काढतो."

पहिल्या दिवशी ती परत खाली गेली, एकशे ऐंशीपर्यंत. दुसऱ्या दिवशी धसका घेऊन चारशे फुटांवरूनच वर पळाली.

"ही खिडकी दीड वाजताच बंद केली," मागून कर्वे.

"काका, तुम्ही गप्प बसा ना जरा."

"पोरी, लवकर बंद करणारा कॅशियर पण कामाचा नाही. दोन म्हणजे दोन."

ती फणकारली, पण ते तिच्या डोक्यात बसलं, कारण पुढच्या वेळी मिनिमम म्हटल्यावर तिने मान वर केली, पांढरं दिसलं, आणि मला तिचा हात पुढे जाताना दिसला. घाई नाही, वाट बघणंही नाही. नाक वर. मग धावपट्टी आली, तेव्हा उतरली. मग धुकं, मग धुकं, मग परत धुकं. चौथ्या धुक्याला वैतागून म्हणाली, "काका, पिशवीत विषम आकडे आहेत ना?" सहाव्या दिवशी मी ड्रॉवरमधला फॉर्म काढून सही केली. कर्व्यांनी पिशवीची नाडी बांधली.

परीक्षेच्या दिवशी मी सकाळपासून फोनजवळ. चकल्या करायला घेतल्या आणि निम्म्या मऊ झाल्या. दुपारी फोन आला.

"मॅडम, ऐका. खऱ्या विमानात बाहेर धुकं नसतं ना, म्हणून डोळ्यांवर झापड असलेली टोपी घालायला लावतात. फक्त यंत्रं दिसतात. मिनिममला आलं की परीक्षक सर म्हणणार 'रनवे दिसतोय', मग टोपी काढून उतरायचं. पहिल्या वेळी मी मिनिमम म्हटलं. सर गप्प. मी ताकद दिली, नाक वर. आणि तेवढ्यात म्हणतात काय, 'रनवे दिसतोय'!"

"मग?"

"मग काय, मी गेले वर."

माझ्या हातातला सोऱ्या तसाच राहिला. "आणि सर?"

"दुसऱ्या वेळी वेळेवर बोलले, तेव्हा उतरले. खाली आल्यावर विचारतात, पहिल्यांदा मी सांगितलं होतं की दिसतोय, ऐकलं नाहीस? मी म्हटलं, ऐकलं सर, पण तुम्ही बोललात तेव्हा माझं ठरलं होतं. त्या आकड्यावर तुम्ही गप्प होतात. मग ते हसले. म्हणाले, हे कुणी शिकवलं?"

मी वाट बघत राहिले. शिक्षकाला एवढा एक मोह असतोच.

"मी सांगितलं, बँकेतल्या एका काकांनी."

पास झाली, बाळांनो. भरतीतही लागली. आता ती विमानात उजवीकडच्या, सहवैमानिकाच्या खुर्चीत बसते आणि तिच्या घरी पाणी अजून सातलाच येतं. तुम्ही आलात त्या दिवशी तुमचं विमान वर गेल्याचं कळलं, तेव्हा मी हळूच तिला फोन करून विचारलंही, "तू होतीस का गं?" तर म्हणाली, "नाही मॅडम, सुट्टी होती. हंडे भरत होते."

म्हणजे तुमच्या विमानात कोण होतं, मला माहीत नाही. पण काय झालं असेल ते सांगू शकते. मागे तीनशे माणसं, कुणाला घाई, कुणाचं मूल रडतंय, तुमचा बाबा घड्याळ बघतोय. पुढे कुणीतरी मान वर केली, समोर पांढरं होतं, आणि दोन सेकंद थांबलं असतं तर कदाचित दिवे दिसलेही असते. ते थांबले नाहीत. त्यांच्या कुठल्यातरी मास्तरने माझ्यापेक्षा आधी, माझ्यापेक्षा बरं शिकवलं होतं.

तर ईरा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: जमलं. जे जमायला सगळ्यांत कठीण, नेमकं तेच जमलं.

डिसेंबरात येताय, तेव्हाही विमान परत वर गेलं तर बाबाला कुरकुर करू देऊ नका. तुम्ही खिडकीतून ढग बघा. इकडे मी वरण चौथ्यांदासुद्धा गरम करीन.

तुमची आजी